प्रशिक्षकाचा शब्द आणि कंपनीचे पैसे

भंडारा, तुमसर, साकोलीची महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. अनुदानित महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. संघनिवडीत त्याचा शब्द चालतो. बूट कुठले घ्यायचे, हेही मुलं त्यालाच विचारतात.

त्याने बुटाच्या कंपनीकडून पैसे घेतले तर?

अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेरीस हेच घडलं. नायकीसाठी सनी व्हॅकारो यांनी विद्यापीठांच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांशी करार केले. पैसे प्रशिक्षकाला, बूट खेळाडूंच्या पायात! आपल्याकडे २०१९मध्ये राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे प्रमुख राहुल द्रविड यांना आयपीएल संघाशी जोडलेल्या इंडिया सिमेंट्स कंपनीतल्या पदावरून हितसंबंधांच्या संघर्षाच्या तक्रारीला उत्तर द्यावं लागलं. ते त्या कंपनीतून बिनपगारी रजेवर होते. तक्रार फेटाळली गेली. तरी प्रश्न विचारला गेला, हे योग्यच झालं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरा धोका मैदानावर आहे. ‘सरांचे’ बूट परवडले नाहीत, तर धान उत्पादकाच्या मुलाला संघाबाहेर राहण्याची धास्ती वाटेल.

म्हणून करार महाविद्यालयाशीच, लेखी व्हावा. साहित्य सगळ्या खेळाडूंना मोफत मिळावं आणि पालकांनी त्या कराराची प्रत जरूर मागावी.