फाट्यावरून उत्तरेच्या रानात

कराडजवळच्या मलकापुरात ढेबेवाडी फाट्यावर कुणालाही विचारा, जंगल बघायला कुठे जायचं? उत्तर येणार, चांदोली. जवळ आहे, सफारीची सोय आहे. माझा जीव मात्र बरीच वर्षं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या उत्तर टोकाला, कोयनेच्या रानात अडकलाय.

आधी जुजबी माहिती उरकून घेतो. कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्यं 1985 ची. चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारसा यादीत गेली. प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे 1165 चौरस किलोमीटर. झालं.

वारुंजीचा पूल ओलांडून पाटणच्या रस्त्याला लागलं की कोयना सोबतीला येते. महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत आलेली ही नदी हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेच्या थेट समोरून येऊन मिळते. हेळवाकच्या वरच्या अंगाला धरण, त्यामागे 105 टीएमसीचा शिवसागर. पलीकडच्या काठावर गर्द रान दिसतं, पण गाडी तिथे जात नाही. मग मागे फिरा, उंब्रजवरून सातारा गाठा, कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरा. तिथे गाडी लावायची आणि लाँचने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जायचं. वळसा मोठा आहे, पण तो मला कधी जाचला नाही.

लाँचमधून उतरलेली मंडळी तडक किल्ल्याकडे सुटतात. मी खालीच रेंगाळतो, कारण मेट इंदवली हे उठलेलं गाव इथे आहे. घरांची जोती, भाताच्या खाचरांचे बांध अजून ओळखू येतात. कोयनेच्या दाट सदाहरित रानात उन्हं जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून खाली गवत फारसं नसतं. गवा-सांबराला चरायला लागतात ती या खाचरांसारखी मोकळी रानं. पण माणूस गेला, गुरं गेली, की पडीक खाचरात करवंदीच्या जाळ्या आणि झुडपं माजतात, गवत मागे हटतं. माझं स्पष्ट मत आहे, इथलं जंगल नुसतं कुंपण घालून राखता येणार नाही, गवताची कुरणं मुद्दाम राखावी लागतील.

वाघाचंही गणित इथेच येऊन ठेपतं. 2018 मध्ये या प्रकल्पात कॅमेऱ्यात वाघ आला, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा एक नर टिपला गेला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. उत्तम झालं. पण भक्ष्य नसेल तर आणलेला वाघ टिकणार कसा?

एकदा खाचरांच्या अशाच एका बांधाकडेला वारूळ फोडलेलं दिसलं. कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक, भोवती ओल्या मातीची ढेकळं, कडेला नखांचे लांब ओरखडे, आणि आत वाळवीची धावपळ चालूच. म्हणजे अस्वल नुकतंच गेलेलं. अस्वल वारुळाला तोंड लावून आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग वाळवी ओढून घेतं. तो आवाज लांबवर जातो म्हणतात. बरोबरचा वाटाड्या कुजबुजायचं सोडून मोठ्याने बोलू लागला. “काका, गप ऱ्हाऊ नका, बोलत चला. त्येला कळू दे आपण हाय.” रानात गप्प राहावं हा शहाणपणा अस्वलाच्या मुलखात उलटा लागू होतो. त्याला दचकवलंत तर ते अंगावर येतं.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. बामणोलीत वन विभागाची परवानगी घ्या, सकाळची पहिली लाँच धरा, कारण जंगलात मुक्कामाला मनाई आहे. आणि किल्ल्याची घाई नसेल तर तासभर त्या खाचरांत काढा.