ओउलांका: एका सीमावर्ती नदीचा प्रवाह व तिची नावे

फिनलंडमधील बहुतेक नद्या बाल्टिक समुद्रास मिळतात. ओउलांका मात्र पूर्वाभिमुख आहे. साला परिसरात उगम पावून ती कुउसामोच्या सूचिपर्णी अरण्यातून वाहते. क्युताक्योंगास येथे तांबूस डोलोमाइटच्या कड्यांमधून ती कोसळते. पुढे वालुकामय खोऱ्यात संथ वळणे घेत रशियात शिरते व पानायार्वी सरोवरास मिळते. तेथून प्याओझेरो व कोव्दा या मार्गाने तिचे पाणी श्वेत समुद्रात जाते. पानायार्वी १९४० मध्ये प्रथम व १९४४ मध्ये कायमचे सोव्हिएत ताब्यात गेले. ट्राउट मासे मात्र सरोवरात वाढून विणीसाठी नदीतून वर फिनलंडमध्ये येतात. किटका या उपनदीत सुमारे ९ मीटर उंचीचा युरावा धबधबा त्यांची वाट अडवितो.

नावांचा विचार येथे अधिक उद्बोधक ठरतो. फिनिशमध्ये 'योकी' म्हणजे नदी व 'यार्वी' म्हणजे सरोवर. त्यामुळे 'ओउलांकायोकी नदी' अथवा 'पानायार्वी सरोवर' म्हणण्यात द्विरुक्ती होते, तरी परभाषेत ती टाळणे कठीणच. रशियनमध्ये हीच नदी 'ओलांगा' होते. तीव्र उताराच्या प्रपातास वापरला जाणारा 'क्योंगास' हा शब्द तर मूळचा फिनिशही नव्हे, तो सामी भाषेतून आला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनिश शेतकरी येथे वसू लागले, त्यापूर्वी हा सामी लोकांचा मासेमारीचा व शिकारीचा प्रदेश होता. त्यांची केमी सामी बोली एकोणिसाव्या शतकात लुप्त झाली.