रीप पाख्यावर बसवताना

कौलारू छपराचा छेद रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये काढताना रिपा आणि कौलं वाशाच्या उतारावर बसवणं नवख्याला जड जातं. रिपा-कौलांचे हे तपशिलाचे तुकडे मुळात सरळ उभे येतात; पाख्याचा कल त्यांना आपोआप कळत नाही. म्हणून एकेक रीप आणून फिरवत बसू नये. 'रिपीटिंग डिटेल' घ्यावं. वळचणीपाशी एक क्लिक, आढ्यापाशी दुसरं; मधल्या रेषेवर रिपा ठरलेल्या अंतराने, उताराच्याच कलाने बसत जातात. ते अंतर कौलाच्या मापाप्रमाणे आधीच भरून ठेवावं.

खरी गफलत छेदाच्या रेषेत होते. ती आढ्याला काटकोनातच हवी. पाखं 30 अंशांचं असेल आणि छेद 45 अंश तिरका गेला, तर पडद्यावर उतार जेमतेम 22 अंश दिसतो. त्यावर रिपा कितीही नेटक्या बसवा, सुताराच्या हाती चुकीचंच चित्र जातं. हे मला फार गंभीर वाटतं, कारण तो बिचारा कागदावर विश्वास ठेवून लाकूड कापतो.

शिवाय तपशिलाचे हे तुकडे त्या एका दृश्यापुरते, सपाट असतात. घरमालकाने उतार वाढवायला सांगितला की मॉडेलमधलं छप्पर उचललं जातं. रिपा मात्र जुन्याच कोनात राहतात. त्या पुन्हा ओढून घ्याव्या लागतात.