निकाल लागला, पैसे कुठे?

उसने दिलेले पैसे बुडाले, दावा लावला, वर्षे गेली आणि छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयातून एकदाचे निकालपत्र हाती पडले. ते शेवटून वाचावे. आधीच्या पानांवर मुद्दे, साक्षीपुरावे, कारणे. कामाचा तो अखेरचा ‘आदेश’. दावा खर्चासह मंजूर, मुद्दल इतके, व्याज अमुक तारखेपासून. निकालानंतरचे व्याज सहसा ६ टक्क्यांच्या वर जात नाही. व्यवहार व्यापारी असेल तरच चढा दर मिळू शकतो.

पैसे मात्र न्यायालय घरपोच देत नाही.

प्रतिवादीने आपणहून भरले नाहीत, तर वसुलीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते. मुदत १२ वर्षांची. कर्जदाराची मालमत्ता कुठे आहे, हेही बहुधा वादीनेच हुडकायचे. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले होते. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आढावा घेतला, तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या. सर्वाधिक कुठे? मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत.

बेलीफ जप्तीला आला, तरी सगळेच उचलून नेता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बैल, बियाणे, औत-अवजारे आणि शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचे राहते घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे कवच आहे. पगाराच्या जप्तीलाही मर्यादा आहे. ३१ हजार पगार धरा: पहिले १ हजार सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, हाती लागतात १० हजार. तेही एका हुकूमनाम्यापोटी २४ महिनेच.

हा कनवाळूपणा उगाच आलेला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळायलाच. कोर्टात एकतर्फी निकाल लागत आणि जमिनी जात. १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याची कर्जापायी अटक बंद केली. संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, निजामाकडे होते. त्यामुळे शेजारच्या नगरला मिळालेला हा दिलासा इथे लागू नव्हता.

आज दिवाणी तुरुंगवास आहे, पण जास्तीत जास्त ३ महिने, आणि स्त्रियांना पैशांच्या वसुलीसाठी अटकच नाही. नुसती ऐपत नाही म्हणून कुणाला आत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये स्पष्ट केले. ऐपत असून बुडवतो, हे दाखवावे लागते. आत गेल्याने कर्जही फिटत नाही. उलट कर्जदाराच्या तुरुंगातल्या जेवणाखाण्याचा भत्ता आधी वादीनेच कोर्टात भरायचा असतो.