धोट्याला नंबर कोण घालणार?

भिवंडीत जुना साधा यंत्रमाग मोडीत निघाला की त्याचं लोखंड किलोच्या भावानं भंगारात जातं. माग कुठून आला, त्यावर कोणतं कापड निघायचं, तार तुटली की कामगार काय करायचा, हेही त्याच्याबरोबर जातं. उद्या शहरानं मागांचं संग्रहालय करायचं ठरवलं, तर इमारत बांधता येईल; माहिती कुठून आणणार? ती टिपण्याचं आणि वस्तू सांभाळण्याचं रीतसर शिक्षण पदवीनंतर घेता येतं.

संग्रहालयशास्त्राचा देशातला पहिला विद्यापीठ विभाग १९५२ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झाला. तिथं पदव्युत्तर पदवी मिळते. भिवंडीकराला मुंबई जवळची. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमनं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं, संग्रहालयशास्त्र आणि जतन या विषयांची पदव्युत्तर पदविका सुरू केली आहे.

तिथं नेमकं काय शिकतात? मागावर आडवा धागा नेणारा एक धोटाच घ्या. आधी तो नोंदवहीत चढतो: कुणी दिला, कधी, कोणत्या अवस्थेत. मग त्यावर नंबर पडतो, पण थेट नाही. खाली वार्निशचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. म्हणजे पुढे कधी पुसायचा झाला तर लाकडाला डाग राहत नाही. कापडावर शाई चालत नाही, तिथं नंबर लिहिलेली सुती फीत टाचतात. खरी पंचाईत हवेची. धोट्याच्या टोकाला धातू, अंग लाकडाचं. दमट हवेत धातू गंजतो, फार कोरड्या हवेत लाकूड तडकतं. दोघांना सोसेल असा मध्य साधायचा, तोही कोकणातल्या पावसाळ्यात. कापडाला उजेड बाधतो. म्हणून दालनात साधारण ५० लक्सच ठेवतात. उडालेला रंग परत येत नाही.

सरकारी जागा थोड्या, हे खरं. पण खासगी संग्रह, कंपन्यांचे दप्तरखाने आणि प्रदर्शनं यांनाही नोंदणी जाणणारी माणसं लागतात.

भिवंडीच्या पदवीधराची एक बाजू आधीच भक्कम आहे. इथले कारागीर उर्दू, तेलुगू, मराठी बोलतात. त्या बोलींत वाढलेल्याला मागवाल्याकडून जे कळेल, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला कळायला वेळ लागेल. त्यासाठी प्रवेशाची वाटही पाहायला नको: शेजारचा कारखाना बंद होण्याआधी मालकाचं आणि कामगाराचं म्हणणं तारखेसह लिहून घेतलं, तरी नोंदवहीचं पहिलं पान भरलं.