होरेन्सो म्हणजे पालक!

फळ्यावर भागाकार शिकवून झाला की मी वर्गाकडे वळते आणि विचारते, "समजलं का?" लगेच चाळीस तोंडांतून एकच सूर निघतो, "होऽऽ बाई!" दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या की कळतं, त्या 'हो'चा अर्थ 'समजलं' असा नव्हताच. 'आम्ही ऐकतोय' एवढाच होता!

नेमका असाच घोटाळा माझ्या मावसभावाचा जपानमध्ये झाला. तो इंजिनिअर. कंपनीनं त्याला ओसाका शहराजवळच्या एका कारखान्यात वर्षभरासाठी पाठवलं. जाण्यापूर्वी तो थोडंफार जपानी शिकला, कमरेत वाकून नमस्कार करायला शिकला. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं आणि मिळालेलं कार्ड न वाचता खिशात कोंबायचं नाही, हेही त्यानं पाठ केलं. वाटलं, झाली तयारी!

पहिल्याच महिन्यात एका बैठकीत त्यानं यंत्रांच्या मांडणीत बदल सुचवला. सगळे माना डोलवत "हाइ, हाइ" म्हणत होते. 'हाइ' म्हणजे हो. शेवटी साहेब जरा थांबून म्हणाले, "ते चोत्तो..." आणि गप्प झाले. 'चोत्तो' म्हणजे थोडंसं. याला वाटलं, थोडीशीच अडचण आहे ना, मग करून टाकू! तीन रात्री जागून त्यानं आराखडे काढले. चौथ्या दिवशी शेजारच्या सहकाऱ्यानं हळूच सांगितलं, "अहो, साहेबांनी तर त्याच दिवशी नको म्हटलं होतं!"

गंमत आहे ना? जपानी बोलण्यात 'हाइ'चा अर्थ पुष्कळदा 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच असतो. आणि चारचौघांत तोंडावर 'नाही' म्हटलं तर समोरच्याला कमीपणा येतो, म्हणून वाक्य अर्धंच सोडून देतात. उरलेलं आपण ओळखायचं. हसू नका हं! आपणही जेवायला बोलावणाऱ्याला "बघू, जमलं तर येतो" असं म्हणतोच की. एखादा जपानी पाहुणा बिचारा ताटं मांडून वाट बघत बसेल!

त्या सहकाऱ्यानं मग भावाला एक शब्द शिकवला, 'नेमावाशी'. मोठं झाड दुसरीकडे लावायचं तर आधी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करून तयारी करतात, त्या माळीकामाचं हे नाव. ऑफिसात त्याचा अर्थ असा, की नवी कल्पना एकदम बैठकीत मांडायची नाही. आधी एकेकाला भेटायचं, शंका ऐकायच्या, सुधारणा करायच्या. भावानं तसं केलं. वेळ लागला, पण त्याच्या आराखड्यातला निम्मा बदल मान्य झाला.

खरा धडा पुढेच होता. एकदा त्यानं एक सुटा भाग चुकीचा बसवला. 'कुणाला कळायच्या आत गुपचूप दुरुस्त करू' म्हणून तो संध्याकाळपर्यंत खटपट करत राहिला. वरिष्ठांना कळलं तेव्हा ते चुकीबद्दल रागावले नाहीत. ती दिवसभर लपवली, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला, 'होरेन्सो'.

होरेन्सो म्हणजे पालक. भाजी बरं का, आई-बाबा नव्हेत! पण ऑफिसातला होरेन्सो तीन शब्दांच्या सुरुवाती जोडून केलाय. 'होकोकु' म्हणजे काम कुठवर आलं ते सांगणं. 'रेनराकु' म्हणजे संबंधितांना कळवणं. 'सोदान' म्हणजे अडलं की विचारणं. लिहिताना भाजीची चित्राक्षरं वेगळी, उच्चार मात्र तोच.

चूक लगेच उघड करायची, हा विचार तिथे यंत्रांतही उतरला आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. न थांबता पुढे चालला असता तर सगळं कापड सदोष झालं असतं. त्यांच्या मुलानं, किइचिरो यांनी, १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन केली. तिच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर गाड्यांची रांगच थांबते!

पण तिथलं सारंच सोनं समजू नका. वरिष्ठ उठेपर्यंत आपण कसं उठायचं, म्हणून कित्येक ऑफिसांत लोक रात्रीपर्यंत बसून राहत. अतिकामामुळे येणाऱ्या मृत्यूला जपानीत 'कारोशी' असा वेगळा शब्दच आहे. तो टाळण्यासाठी २०१४ मध्ये कायदा झाला. २०१९ पासून जादा कामाला कायद्यानं मर्यादा घातली. खास कारण नसेल तर महिन्याला ४५ तास. तेव्हा दुसऱ्यांचं घ्यायचं ते पारखून घ्यावं.

भावाचं पत्र वाचल्यावर मी माझा प्रश्न बदलला. आता विचारते, "कुणाला कुठं अडलं?" पहिल्या दिवशी वर्ग चिडीचूप. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी घाबरत उभी राहिली. "बाई, मधे शून्य आला की काय करायचं?" मी म्हटलं, "शाब्बास! आणखी कोण अडलंय?" निम्म्या वर्गानं हात वर केले. मी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. म्हणजे त्या मुलीनं वर्गाची दोरीच ओढली म्हणायची!

आणि पालकहो, आता तुम्हालाच म्हणतेय, भाजीला नव्हे! "आई, एक चूक झाली," असं म्हणत मूल जवळ आलं तर ओरडण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. आज ओरडलात, तर उद्या ते दोरी ओढायचंच नाही.