क्रोमचा दिवा घेताना आतली बाजू बघा

घराचं काम संपत आलं की देवणीतली माणसं दिवे घ्यायला उदगीर नाहीतर लातूर गाठतात. दुकानातल्या उजेडात सगळंच झगमगतं! पण शोभेच्या क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवायचं खरं काम त्याखालचा निकेलचा थर करतो.

म्हणून दिवा दुकानाच्या दारात आणून बघा. पिवळसर झाक दिसली तर क्रोम नीट बसलेला नाही. स्क्रूची भोकं, कडा, आतली बाजू तपासा. फुगे आणि डाग तिथेच आधी येतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर बॉडी लोखंडी पत्र्याची, ती बाथरूमला नको. चिकटला नाही आणि वजनही हलकं, तर बहुधा प्लास्टिक. बैठकीत तेही चालेल, पण मग पैसे पितळेचे देऊ नका. बॉडी कशाची, ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटी बहुतेकदा एलईडीची असते, चमकीची नाही.